दगड केव्हा धातुक ठरतो

सातपुड्याच्या माथ्यापासून तापीच्या खोऱ्यापर्यंत आणि तेथून नवापूरच्या डोंगरांपर्यंत, नदीकाठचा गाळ सोडला तर, नंदुरबार जिल्ह्याच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी एकाच जातीचा खडक आहे. तो म्हणजे काळा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले, त्या थरांचाच हा भाग होय. या खडकाचे रासायनिक पृथक्करण केले, तर एका टनात साधारणपणे १०० किलो लोखंड, ७० किलोच्या आसपास ॲल्युमिनियम, १५ किलोच्या आसपास टायटॅनियम आणि शंभर-दोनशे ग्रॅम तांबे आढळते. रस्त्यावर अंथरलेल्या एका ट्रकभर खडीत एखाद्या लोहाराला दीर्घकाळ पुरेल इतके लोखंड असते. तरीही ही खडी खडीच राहते, तिच्यासाठी कोणी भट्टी पेटवत नाही आणि धातूंच्या खाणींच्या नकाशावर हा जिल्हा कोराच दिसतो.

या विसंगतीचे उत्तर ‘खनिज’ आणि ‘धातुक’ या दोन शब्दांतील फरकात आहे. निसर्गात ठरावीक रासायनिक घडण घेऊन आढळणारा घन पदार्थ म्हणजे खनिज. आणि ज्या खनिजातून किंवा खनिजांच्या मिश्रणातून धातू वेगळा काढणे परवडते, ते धातुक. पहिली व्याख्या निसर्गाची आहे, दुसरीत ‘परवडते’ हे क्रियापद आले की तिच्यात माणूस शिरतो, त्याची भट्टी, त्याचे इंधन, त्याचे रसायनशास्त्र, बाजारभाव आणि कायदाही शिरतो. धातुशास्त्रातील संशोधनाचा इतिहास सामान्यतः नव्या धातूंच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु तो दगड आणि धातुक यांच्यामधील रेषा पुन्हा पुन्हा सरकवत नेल्याचा इतिहास म्हणून वाचला, तर अधिक काही हाती लागते.

बेसाल्टातील लोखंड हाती का येत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. हेमेटाइट या खनिजात लोखंड केवळ ऑक्सिजनशी जोडलेले असते आणि शुद्ध हेमेटाइटच्या वजनात ७० टक्के लोखंड भरते. बेसाल्टात मात्र बरेचसे लोखंड सिलिका, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याबरोबर एकाच स्फटिकाच्या जाळीत विणलेले असते, त्यामुळे ते सोडवायचे तर सारे विणकाम उसवावे लागते. निसर्ग कधीकधी हे उसवण्याचे काम स्वतः करतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, जेथे पावसाळ्यात पाण्याच्या धारा खंडत नाहीत, तेथे याच बेसाल्टातून सिलिका व इतर विरघळणारे घटक लाखो वर्षे धुऊन गेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे उरून जांभा तयार झाला. कोकणातील घरांच्या भिंतींत दिसणारा तांबडा, सच्छिद्र चिरा तो हाच. जेथे हे धुणे आणखी पुढे गेले, तेथे ॲल्युमिनियमचे धातुक असलेला बॉक्साईट बनला आणि म्हणून कोल्हापूर, रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत. नंदुरबारकडे पाऊस त्या मानाने कमी. येथे खडक झिजून काळी माती झाली, कापूस पिकला, पण बॉक्साईट झाला नाही. निसर्गाची दुसरी रीत नदीपात्रात दिसते. बेसाल्ट झिजताना त्यातील मॅग्नेटाइटचे चुंबकीय कण सुटे होतात आणि जड असल्याने प्रवाहाच्या वळणावर मागे राहतात, त्यामुळे अशा खडकावरून वाहणाऱ्या नद्यांच्या वाळूत चुंबक फिरवला की काळ्या कणांची दाढी त्याला लटकते. धुणे, वजनाने निवडणे आणि चुंबकाने वेगळे करणे या आजच्या कारखान्यांतील तिन्ही पद्धतींचा मूळ नमुना असा उघड्यावर पडलेला आहे.

धातुक नसलेल्या या जिल्ह्यात धातू मात्र फार जुना आहे. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले प्रकाशे, ज्याला परिसरात प्रकाशा म्हणतात आणि ज्याची ओळख दक्षिण काशी अशी आहे, तेथील पांढरीचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केले. तेथे सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाण संस्कृतीचे अवशेष मिळाले, म्हणजे दगडाची पाती आणि थोडे तांबे एकत्र वापरणाऱ्या लोकांचे, आणि हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील आहे. त्यानंतर वस्ती काही शतके खंडित झाली आणि नंतरच्या थरांत लोखंड आले. दख्खनच्या बेसाल्टात तांब्याचे धातुक नसल्यामुळे येथील तांबे बाहेरूनच आलेले असणार, आणि माळव्यातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या लोकांच्या वाटेवर तापीचे खोरे पडते हे लक्षात घेतले, तर या संगमाचे महत्त्व केवळ धार्मिक नव्हते हे ध्यानात येते.

तांबे आधी आणि लोखंड नंतर, हा क्रम जगात बहुतेक सर्वत्र आढळतो आणि तो योगायोगाने आलेला नाही. धातुकातून धातू मिळवणे म्हणजे बहुतेक वेळा त्याला चिकटलेला ऑक्सिजन काढून घेणे. या क्रियेला क्षपण म्हणतात. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू ऑक्सिजनचा भुकेला असतो आणि तांब्याच्या ऑक्साइडातून तो सहज ऑक्सिजन ओढून घेतो. शिवाय तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि भात्याने फुलवलेल्या लोणारी कोळशाचा विस्तव तेवढी उष्णता देऊ शकतो. लोखंडाची ऑक्सिजनशी मैत्री अधिक घट्ट आणि त्याचा द्रवणांक १५३८ अंश, म्हणजे प्राचीन भट्टीच्या आवाक्याबाहेरचा. ॲल्युमिनियमची पकड तर इतकी चिवट, की कोळशाच्या कोणत्याही साध्या भट्टीत ती सुटत नाही. कोणता धातू ऑक्सिजनला किती घट्ट धरतो आणि तापमान वाढले की ती पकड किती सैल होते, हे एका आलेखावर मांडण्याची रीत हॅरोल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये रूढ केली. मानवजातीने हजारो वर्षांत ज्या क्रमाने धातू मिळवले, तो क्रम त्या आलेखावर ढोबळमानाने वाचता येतो.

प्राचीन कारागिरांना आलेख ठाऊक नव्हता, परंतु त्यांच्या हाताला बरेच काही ठाऊक होते. प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेले हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलगाडीसारख्या रथात उभा असलेला पुरुष हे चार ओतीव पुतळे मिळून ६० किलोंहून अधिक वजनाचे आहेत. त्यांच्या धातूच्या पृथक्करणात तांब्याबरोबर १ टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळले. आर्सेनिक मिसळलेले तांबे शुद्ध तांब्यापेक्षा कठीण होते आणि साच्यात अधिक नीट उतरते.

लोखंडाच्या बाबतीत नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील शोध विशेष मोलाचा आहे. बृहदाश्मयुगीन वस्तीच्या उत्खननात तेथे लोखंड गाळण्याची लहानशी भट्टी, वक्र विटा, हवा आत सोडण्याच्या मातीच्या नळ्या आणि धातुमळी सापडली, आणि ही भट्टी इसवी सनापूर्वी सुमारे ७०० या काळातील मानली जाते. येथे ‘गाळणे’ हा शब्द सवयीने वापरला जातो, खरे म्हणजे त्या भट्टीत लोखंड कधी वितळतच नसे. साधारण १२०० अंशांवर धातुकातील सिलिका आणि थोडे लोखंड मिळून काचेसारखी धातुमळी बनते, ती पातळ होऊन वाहून जाते, आणि ऑक्सिजन गमावलेले लोखंड घनरूपातच, स्पंजासारख्या सच्छिद्र गोळ्याच्या रूपात मागे राहते. तो गोळा तापवून घणाखाली ठोकला की अडकलेली मळी पिळून निघते आणि कामाचे लोखंड मिळते. पद्धत सोपी, मात्र उधळी. अशा भट्ट्यांच्या धातुमळीत निम्म्याच्या आसपास लोहाचे ऑक्साइडच असते, म्हणजे धातुकातील लोखंडाचा मोठा हिस्सा कारागीर फेकून देत असत. श्रीमंत धातुक आणि भरपूर जंगल हाताशी असेपर्यंत या उधळेपणाचे कोणाला काही वाटण्याचे कारण नव्हते.

लोखंड वितळवून, मळीपासून पूर्ण वेगळे करून, धारेने बाहेर काढायचे तर झोतभट्टी लागते, आणि मोठ्या झोतभट्टीला कोक लागतो. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने १७०९ मध्ये दगडी कोळशाचा कोक वापरून झोतभट्टी चालवली, तेव्हापासून धातुकाच्या मोलाचा हिशेब कोळशाच्या जातीशी बांधला गेला. या बंधनाचा चटका महाराष्ट्राला एकदा चांगलाच बसला आहे. त्या काळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, लोहारा व आसपासच्या टेकड्यांवर उत्तम प्रतीचे लोहधातुक असल्याचा फॉन श्वार्त्झ या युरोपीय तज्ज्ञाचा अहवाल १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो वाचूनच जमशेटजी टाटांच्या मनात पोलाद कारखान्याची कल्पना रुजली. जमशेटजी मूळचे नवसारीचे, म्हणजे नंदुरबारच्या शेजारच्या मुलखातले. जवळच वरोऱ्याला कोळसा होता, त्यामुळे नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या या उद्योगपतीला चांद्याची निवड स्वाभाविक वाटली.

पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत उतरला नाही. हवेशिवाय तापवला असता काही जातींचा कोळसा आधी मऊ होतो, फुगतो आणि मग घट्ट होऊन सच्छिद्र पण मजबूत कोक बनतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा तसे न करता भुसभुशीत होऊन ढासळतो. झोतभट्टीत कोकवर धातुक आणि चुनखडी यांचा उंच डोलारा उभा असतो. तो भार पेलायचा आणि त्याच वेळी तप्त वायूंना वर जाण्यासाठी वाटही ठेवायची, ही दोन्ही कामे ढासळणाऱ्या कोळशाला जमत नाहीत. त्यात तत्कालीन खाणविषयक नियम जाचक होते. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात ते सैल झाल्यावर शोध पुन्हा सुरू झाला, चांद्याची पाहणी पुन्हा झाली, परंतु १९०४ मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या डोंगरांतील लोहधातुकाची वार्ता कळवली आणि झरियाचा कोकयोग्य कोळसा त्या बाजूस असल्यामुळे कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला गेला. तेथे १९११ मध्ये लोखंड आणि १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडले. चांद्याचे लोखंड जमिनीत राहिले. ते कमी प्रतीचे नव्हते, शेजारचा कोळसा चुकीच्या जातीचा होता, एवढाच त्याचा दोष.

ही अडचण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या तंत्राने ओलांडली गेली, ते पाहून नायकुंडच्या कारागिराला फारसे नवल वाटले नसते. एका लांबलचक, किंचित कललेल्या, सावकाश फिरणाऱ्या पोलादी नळकांड्यात धातुकाचे खडे आणि साधा, कोक न होणारा कोळसा एका टोकाने घालायचा आणि सुमारे १००० अंशांवर तापवत दुसऱ्या टोकाकडे न्यायचा; धातुक न वितळताच ऑक्सिजन गमावते आणि जे बाहेर पडते त्याला स्पंज आयर्न म्हणतात. हे सच्छिद्र लोखंड नंतर विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे पोलाद करतात. घनरूपातील क्षपण हे तत्त्व नायकुंडचेच. बदलले ते प्रमाण, तापमानावरील ताबा आणि विजेची जोड, ज्यामुळे पूर्वी मळीत वाया जाणारे लोखंड आता वाचते. कोकयोग्य कोळशाचे साठे थोडे आणि साधा कोळसा मुबलक असलेल्या भारतात हे तंत्र इतके रुजले, की आज स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसचा स्पंज आयर्न कारखाना आणि गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची लोहखाण ही त्या सरकलेल्या रेषेची फळे होत. तेथील जंगल आणि तेथील माडिया गोंड समाज यांच्या दृष्टीने हे फळ गोड आहे की कडू, हा प्रश्न धातुशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असला, तरी ‘परवडते’ या शब्दाचा हिशेब त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

ही रेषा कधीकधी अक्षरशः कागदावर आखली जाते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोकडे प्रत्येक खनिजाचा उंबरठा ठरवण्याचे काम आहे. त्या उंबरठ्याखालचा माल टाकाऊ धरता येतो, वरचा मात्र जपून वेगळा साठवावा लागतो. हेमेटाइटसाठी पूर्वी हा उंबरठा ५५ टक्के लोखंड असा होता, तो २००९ मध्ये ४५ टक्क्यांवर आणला गेला. एका अधिसूचनेने देशातील कित्येक टेकड्यांचा दगड धातुक ठरला. गोव्यात तर हे डोळ्यांदेखत घडले. जपानला निर्यात होणाऱ्या काळात कमी लोखंडाचा जो माल खाणीच्या कडेला ‘डंप’ म्हणून रचून ठेवला जाई, त्या ढिगांना चीनची मागणी वाढताच भाव आला आणि कालचा कचरा जहाजांत भरला जाऊ लागला. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा त्या ढिगांचे मालक कोण, हा वाद मागे उरला.

कमी प्रतीचे धातुक वापरता येण्यामागे जी खरी क्रांती आहे, तिचे नाव फेनतरण. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, गोंदियाच्या शेजारी, मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे आणि तेथील धातुकात तांबे साधारण १ टक्का असते. म्हणजे १० किलो तांब्यासाठी ९९० किलो दगड वितळवणे आले, आणि तसे केले तर कोळशाचा खर्चच परवडणार नाही. त्यामुळे दगड आधी पिठासारखा दळतात. त्या पिठाचा पाण्यात पातळ लगदा करून त्यात दोन प्रकारची रसायने घालतात: एक रसायन तांब्याच्या सल्फाइडच्या कणांभोवती तेलकट थर चढवते, जेणेकरून ते पाण्याला टाळू लागतात, आणि दुसरे, पाइन तेलासारखे, टिकाऊ फेस बनवते. मग खालून हवा सोडली की पाण्याला टाळणारे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात व फेसाबरोबर काढून घेता येतात, तर पाण्याने भिजणारी वाळूसारखी मृदा अशुद्धी तळाशी राहते. ताक घुसळताना लोणी वर येते त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की लोणी हलके म्हणून तरंगते आणि तांब्याचे खनिज दगडापेक्षा जड असूनही, केवळ पृष्ठभागाच्या स्वभावामुळे, वर चढते. या एका युक्तीने १ टक्क्याचा माल पंचवीस टक्क्यांच्या आसपास जातो आणि भट्टीत जाण्याच्या लायकीचा होतो. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे विसाव्या शतकाच्या आरंभी शिसे-जस्ताच्या टाकाऊ ढिगांवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी ठरली. आज जगातील तांबे, शिसे आणि जस्त यांचा बहुतांश भाग फेसातून येतो.

होळीच्या दिवसांत नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर पावरा व भिल्ल स्त्रियांच्या अंगावर जी चांदी झळकते, त्या धातूची गोष्टही फेनतरणाशी जोडलेली आहे. भारतात आज खाणीतून मिळणारी चांदी जवळजवळ सारी राजस्थानातील शिसे-जस्ताच्या धातुकांतून उपउत्पादन म्हणून येते. तेथे एका टन धातुकात चांदी केवळ ग्रॅमांत असते आणि एकट्या तिच्यासाठी कोणी खाण काढली नसती. वितळलेल्या शिशात थोडे जस्त मिसळले की चांदी शिसे सोडून जस्ताकडे जाते आणि सायीसारख्या कवचात वर येते. मग जस्त उडवून टाकले की चांदी उरते.

दुधातुपाची उपमा आणखी पुढे न्यायची, तर लोण्यानंतर विरजणाकडे यावे लागते. फेनतरणालाही न परवडणारे हलके धातुक सूक्ष्मजीवांच्या स्वाधीन करता येते, ही जाणीव तशी अलीकडची. कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्यात १९४७ मध्ये एक जिवाणू ओळखला गेला. तो लोखंड व गंधक यांच्या ऑक्सिडीभवनावर जगतो आणि बहुतेक सजीव मरतील अशा आम्लात सुखाने वाढतो. त्याच्या या जगण्यामुळे न विरघळणारे सल्फाइड विरघळणाऱ्या सल्फेटमध्ये बदलते, आणि धातुकाच्या ढिगावर आम्लाचे पाणी शिंपडून खालून निळसर द्राव गोळा केला की त्यात तांबे उतरलेले असते. खनिजातून धातू असा द्रावात उतरवण्याला अपक्षालन म्हणतात, आणि जिवाणूंच्या साहाय्याने केले की जैव अपक्षालन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवांकडून खनिजांतील धातू सोडवून घेण्यावर संशोधन झाले आहे. पद्धतीला भट्टी लागत नाही, धूर होत नाही. परंतु भट्टी जे काही तासांत करते त्याला जिवाणू महिने घेतात आणि आम्लाचा द्राव जमिनीत मुरू न देण्याची जबाबदारी वर येते. विरजण लागायला रात्र जावी लागते, तसेच हे.

आगीऐवजी पाण्याच्या मार्गाने धातू मिळवण्याच्या या शाखेला जलधातुशास्त्र म्हणता येईल आणि तिचा विस्तार महाराष्ट्रात अनपेक्षित ठिकाणी दिसतो. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजचे धातुक द्रावात उतरवून विद्युत अपघटनाने, म्हणजे द्रावातून वीज सोडून, बॅटरीसाठी लागणारे शुद्ध मॅंगनीज डायऑक्साइड तयार केले जाते. तुर्भे येथे १९५९ मध्ये अणुइंधनाच्या शुद्धतेचे युरेनियम तयार झाले, ते विद्रावक निष्कर्षणाच्या बळावर. या पद्धतीत पाण्यातील द्राव आणि त्यात न मिसळणारे सेंद्रिय द्रावण एकत्र घुसळतात, हवा तो धातू पाणी सोडून दुसऱ्या थरात जातो आणि नको ते मागे राहते. अणुभट्टीसाठी झिर्कोनियमपासून हाफ्नियम वेगळे करणे तर फारच अवघड, कारण हे दोन धातू रासायनिकदृष्ट्या जुळ्या भावांसारखे असतात आणि न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र एक उदासीन, तर दुसरा अधाशी असतो. डॉ. ब्रह्मप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली भारताने हे तंत्र स्वतः उभारले.

समुद्राच्या तळापर्यंतही ही रेषा पोहोचली आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून मॅंगनीजचे गोटे वर आणले. बटाट्याच्या आकाराच्या या काळ्या गोट्यांत मॅंगनीज व लोखंडाबरोबर निकेल, तांबे आणि कोबाल्टही असते, आणि मध्य हिंदी महासागरातील ७५ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताच्या वाट्याला आले आहे. गोट्यांतून धातू काढण्याचे रसायनशास्त्र भारतीय प्रयोगशाळांनी प्रायोगिक संयंत्रापर्यंत नेले आहे. पाच-साडेपाच किलोमीटर खोलीवरून गोटे उचलण्याचा खर्च आणि तेथील जीवसृष्टीचा प्रश्न ही दोन कुलपे अजून तशीच आहेत.

ॲल्युमिनियमला वेगळा मार्ग घ्यावा लागला. बॉक्साईट तीव्र कॉस्टिक सोड्यात विरघळवून शुद्ध ॲल्युमिना मिळवण्याची बेयर प्रक्रिया आणि वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये तो ॲल्युमिना विरघळवून विजेने ऑक्सिजन तोडण्याची १८८६ ची हॉल-हेरूल्ट प्रक्रिया, या दोहोंवर सारा उद्योग आजही उभा आहे. एका किलो ॲल्युमिनियमला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते, त्यामुळे या धातूला गोठवलेली वीज म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. आणि वीज कोठून तरी येते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे गेलेल्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. दुसरी अडचण लाल चिखलाची. एक टन ॲल्युमिनामागे साधारण तेवढाच किंवा अधिक लाल, अल्कधर्मी गाळ उरतो, आणि २०१० मध्ये हंगेरीत अशा गाळाचा बांध फुटून गावे बुडाली. १९८९ मध्ये नागपूरला स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र या गाळाचा उपयोग शोधत आहे. त्यात लोखंड, टायटॅनियम आणि अल्प प्रमाणात स्कॅंडियम असते, म्हणजे धातुकातून उरलेला कचरा स्वतःच धातुक होण्याच्या वाटेवर आहे. टाकून दिलेल्या मोबाइल फोनचेही तसेच: चांगल्या सोन्याच्या खाणीत एका टन दगडामागे पाच-सहा ग्रॅम सोने मिळते, एक टन फोनमध्ये ते काही शे ग्रॅम असते.

सध्याच्या संशोधनाचा सर्वांत मोठा झोत मात्र कार्बनवर आहे. जगात सरासरी एक टन पोलादामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण कोळसा केवळ उष्णतेसाठी जळत नाही, तर ऑक्सिजन काढून घेण्याचे कामही तोच करतो. ते काम हायड्रोजनला दिले तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमधील हायब्रिट प्रकल्पाने अशा स्पंज आयर्नपासून बनवलेले पहिले पोलाद २०२१ मध्ये ग्राहकाला दिले. घनरूपातील क्षपणाचे जुने तत्त्व येथे तिसऱ्यांदा कामी आले आहे, फक्त कोळशाची जागा वायूने घेतली.

दुसरा मार्ग त्याहून धाडसी आहे. लोहाचे ऑक्साइड इतर ऑक्साइडांसह सुमारे १६०० अंशांवर वितळवायचे आणि त्या तप्त रसातून थेट वीज सोडायची. तळाशी वितळलेले लोखंड जमते आणि वर ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. अडचण होती ती धनाग्राची, म्हणजे ज्या विद्युतदांड्यावर ऑक्सिजन मोकळा होतो तिची, कारण त्या तापमानाला शुद्ध ऑक्सिजनमध्ये बहुतेक धातू जळून जातात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत डोनाल्ड सॅडोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये क्रोमियम व लोखंडाच्या संमिश्राचा धनाग्र वापरून दाखवला, ज्याच्यावर स्वतःचाच संरक्षक थर बनतो.

या प्रयोगांच्या मुळाशी असलेला प्रश्न पोलादाचा नव्हता. चंद्रावर वस्ती करायची झाली तर श्वासासाठी ऑक्सिजन कोठून आणायचा, हा तो प्रश्न होता. पृथ्वीवरून दिसणारे चंद्रावरचे काळे डाग म्हणजे गोठलेल्या लाव्हाची मैदाने असून तेथील खडक बेसाल्ट आहे, लोखंड, टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांना ऑक्सिजनने जखडून ठेवलेला, सातपुड्यातल्या खडकाचा चुलत भाऊ. तेथे जंगल नाही, कोळसा नाही, पावसाने धुतलेला बॉक्साईट नाही. सूर्यप्रकाश भरपूर आहे आणि निवडीला जागा नाही. चंद्रावरील मातीसारखे मिश्रण वितळवून त्यातून वीज सोडली असता धनाग्रावर ऑक्सिजन मिळतो आणि तळाशी लोखंड व सिलिकॉन यांचे संमिश्र जमते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. ज्या खडकाची नंदुरबारमध्ये खडी होते, त्या जातीच्या खडकाला धातुक म्हणून पहिला भाव द्यायला निघालेली ही भट्टी अजून चाचणीच्या टप्प्यातच आहे.